रोगप्रतिबंधक लस आणि भक्ष्याभक्ष्यविचार : थळच्या किनाऱ्यावरून एक विवेचन

मराठीत ‘लस’ हा शब्द मुळात जखमेतून अथवा फोडातून पाझरणाऱ्या द्रवाचा वाचक आहे. देवीच्या फोडातील द्रव एकाच्या दंडातून काढून दुसऱ्याच्या दंडात टोचण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली, तेव्हा तोच शब्द प्रतिबंधक द्रव्यालाही लागू झाला. पुढे या द्रव्याचे स्वरूप पालटले, ते प्रयोगशाळेत निर्माण होऊ लागले, त्यातील पू व रक्त नाहीसे झाले. शब्द मात्र कायम राहिला. लस ही कोणत्या तरी सजीव देहातून निघालेली वस्तू आहे, ही जाणीव या शब्दातच साठविलेली आहे. म्हणूनच ‘ही लस कशापासून केली?’ हा प्रश्न अज्ञानातून किंवा केवळ हट्टातून उद्भवतो, असे समजणे योग्य होणार नाही. ज्या समाजात काय खावे, कोणाच्या हातचे खावे व केव्हा खावे याचे बारकाईने नियम ठरलेले आहेत, त्या समाजात शरीरात काय टोचून घ्यावे हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविकच होय.

या प्रश्नाचा विचार सामान्यतः धर्म विरुद्ध विज्ञान अशा ढोबळ द्वंद्वाच्या रूपाने केला जातो. त्यामुळे दोन गोष्टी नजरेआड होतात. एक म्हणजे, लसीच्या उत्पादनात प्राणिज द्रव्य नेमक्या कोणत्या टप्प्यावर व कोणत्या कामासाठी येते. आणि दुसरी म्हणजे, आक्षेप घेणाऱ्याचा आक्षेप नेमका कशाला आहे. प्रस्तुत विवेचनात या दोन गोष्टींची सांगड घालून पाहिली आहे.

१. थळचा किनारा

रायगड जिल्ह्यात (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी थळ हे गाव आहे. समोर समुद्रात खांदेरी व उंदेरी ही दोन बेटे दिसतात. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदीस आरंभ केला आणि त्यापाठोपाठ जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी बळकावली, हा इतिहास सर्वपरिचित आहे. आधुनिक काळात थळचे नाव खतकारखान्यामुळे देशभर झाले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र या किनाऱ्याचे महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. भक्ष्याभक्ष्याचे निरनिराळे नियम पाळणारे समाज येथे शतकानुशतके एकाच समुद्रावर उपजीविका करीत आले आहेत.

कोळी व आगरी कुटुंबांत मासळी हे नित्याचे अन्न. परंतु श्रावणात अथवा व्रताच्या वारी तीच मासळी अनेक घरांत वर्ज्य ठरते. किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान हे बहुतांशी शाफई पंथाचे. त्या पंथाच्या शास्त्रार्थाप्रमाणे समुद्रातील बहुतेक जीव भक्ष्य होत. उलट हनफी पंथात जलचरांपैकी केवळ मासाच भक्ष्य मानतात. थळला लागूनच नवगाव आहे. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून याच नवगावच्या किनाऱ्याला लागले. तेलाच्या घाण्याचा धंदा करणारे व शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून हे लोक ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले जात. अलिबागचे त्यांचे प्रार्थनामंदिर १८४८ मधील आहे. या समाजातील बहुसंख्य लोक १९४८ नंतरच्या दशकांत इस्राएलला स्थलांतरित झाले, तरी त्यांची स्मृती व काही कुटुंबे या परिसरात टिकून आहेत.

बेने इस्राएलांची एक आख्यायिका येथे उद्‌बोधक आहे. डेव्हिड राहाबी नावाचा धर्मज्ञ पुरुष कोकणात आला असता, हे लोक खरोखरच यहुदी आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी त्याने त्यांच्या स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी रांधावयास ठेवली. स्त्रियांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी निवडली व बाकीची बाजूस सारली. यावरून त्याची खात्री पटली. ग्रंथ नष्ट झाले, भाषा विसरली गेली, परंतु मासळी निवडण्याचा नियम राहिला, असा या कथेचा आशय आहे. आहाराचा नियम हा समाजाच्या ओळखीचा किती चिवट धागा असतो, हे तिच्यावरून कळून येते. लसीविषयीच्या शंका समजून घेताना ही गोष्ट विसरून चालत नाही. जो नियम आठवणीत राहिल्यामुळे समाज टिकला, तो नियम सुईच्या टोकाशी आल्यावर एकाएकी सोडून द्यावा, ही अपेक्षा सहजासहजी पुरी होणारी नसते.

२. गाय, वासरू आणि देवीची लस

भारतात देवीची लस प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी. बगदाद व बसरा या मार्गाने आलेल्या लसीचा उपयोग ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीवर करण्यात आला. पुढील अनेक दशके लस टिकविण्याचा मुख्य मार्ग म्हणजे एका मुलाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्या मुलाच्या दंडात ती नेणे हाच होता. या पद्धतीत आक्षेपाचे मूळ आहारात नव्हते, तर विटाळात होते. कोणत्या जातीच्या मुलाची लस कोणाच्या अंगात जाते, हा पालकांच्या चिंतेचा विषय होता. शिवाय या मार्गाने एकाचा रोग दुसऱ्याला होण्याचा धोकाही खरा होता.

यावर उपाय म्हणून वासराच्या कातडीवर लस वाढविण्याची पद्धत आली. तिने विटाळाचा प्रश्न बराचसा मिटविला. पण त्याच्या जागी दुसरा उभा केला. पाश्चात्त्य भाषांतील या औषधाचे नावच मुळी गाईच्या लॅटिन नावावरून पडलेले आहे, आणि मराठीतही एकोणिसाव्या शतकात ‘गोस्तन देवी’ असा शब्दप्रयोग होत असे. गाय पूज्य असल्यामुळे तिच्यापासून मिळणारी वस्तू पवित्रच होय, असा युक्तिवाद काही प्रचारकांनी केला. परंतु पूज्य प्राण्याच्या अंगावर जखमा करून द्रव काढणे हे पूजेशी विसंगत आहे, असे उत्तरही त्याला देता येत होते. भारतातील काही केंद्रांत वासराऐवजी म्हशीच्या रेडकांचा उपयोग होऊ लागला. सीमाभागातील बेळगाव येथील लससंस्था ही देवीच्या उच्चाटनाच्या मोहिमेपर्यंत देशाला लस पुरविणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक होती. भारतातील शेवटचा देवीचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला व १९८० मध्ये जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

या लसीवरील नैतिक आक्षेपाचे सर्वांत स्पष्ट प्रतिपादन महात्मा गांधींनी १९१३ मध्ये आरोग्यविषयक लेखमालेत केले. निरपराध जिवंत प्राण्याचे दूषित रक्त शरीरात घेणे हे धर्म व नीती या दोहोंना सोडून आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. हे मत त्यांनी सहजासहजी सोडले नाही. १९३० च्या आरंभी साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ येऊन तीन मुले दगावली, तेव्हाही त्यांची भूमिका मूलतः पालटली नाही. तथापि ज्यांची त्यांवर श्रद्धा नव्हती त्यांना टोचून घेण्याची मोकळीक होती. तत्त्वाची किंमत येथे कोणाला व किती द्यावी लागली, हे नमूद केल्यावाचून या प्रश्नाचे गांभीर्य पुरते ध्यानी येत नाही.

३. हाफकिनचे पोषक द्रव

प्रस्तुत विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग मुंबईतीलच आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान झाले. लाखो लोक शहर सोडून गेले, त्यांतील कित्येक कोकणात परतले. थळसारख्या किनाऱ्याचा मुंबईशी गलबतांनी व चाकरमान्यांमुळे निकटचा संबंध असल्याने मुंबईची साथ ही कोकणाला परकी नव्हतीच.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेला, ओडेसा येथे १८६० मध्ये जन्मलेला यहुदी जंतुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत त्याने काम आरंभिले आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच नवी लस टोचून घेतली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ मध्ये तिला हाफकिनचे नाव देण्यात आले.

प्लेगचे जंतू वाढविण्यासाठी पोषक द्रव लागतो. त्या काळी जंतुशास्त्रात नेहमीचे पोषक द्रव म्हणजे गोमांसाचा अर्क व त्यात मिसळलेले पेप्टोन. पेप्टोन करण्यासाठी वापरले जाणारे पेप्सिन सामान्यतः डुकराच्या जठरातून मिळे. म्हणजे युरोपातील कृती जशीच्या तशी उचलली असती, तर एकाच बाटलीत हिंदूंना निषिद्ध गोमांस आणि मुसलमान व यहुदी यांना निषिद्ध वराहजन्य द्रव्य एकत्र आले असते. अवघ्या चाळीस वर्षांपूर्वी काडतुसांच्या चरबीवरून काय घडले, हे ज्या देशाने पाहिले होते त्या देशात हा धोका क्षुल्लक नव्हता. हाफकिनने दोन्ही द्रव्ये टाळली. त्याने बोकडाचे मांस घेतले व ते पेप्सिनऐवजी हायड्रोक्लोरिक आम्लाने पचविले. द्रवाच्या पृष्ठभागावर तुपाचे अथवा खोबरेलाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबत्या झुंबरांसारखी होई. ती हलवून द्रवात मिसळीत, आणि थेंबांखाली पुन्हा नवी वाढ होई. पाचसहा आठवड्यांनी हा सर्व द्रव सुमारे ६५ ते ७० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून जंतू मारले जात आणि टिकण्यासाठी त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घातले जाई.

येथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. आजच्या लसींप्रमाणे या लसीचे शुद्धीकरण होत नसे. मेलेले जंतू व ज्यात ते वाढले तो रस्सा, हे दोन्ही मिळूनच लस होई. म्हणजे मांसाचा अर्क हा केवळ उत्पादनाचा एक टप्पा नव्हता; तो टोचून घेणाऱ्याच्या शरीरात प्रत्यक्ष जात होता. म्हणून मांसाची निवड हा दिखाऊ उपचार नसून प्रश्नाच्या मुळाशी जाणारा निर्णय होता.

परंतु या निर्णयाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. बोकडाची निवड नकारात्मक होती. ज्या मांसाविषयी कोणत्याही मोठ्या समाजाचा विशेष निषेध नाही, असे मांस निवडले गेले. याचा अर्थ ते सर्वांना चालते असा होत नाही. जैन, वैष्णव, तसेच शाकाहारी ब्राह्मण व वाणी यांच्या दृष्टीने बोकडाचे मांस हेही मांसच होय. मुसलमानाने प्राणी कोणत्या रीतीने मारला हे विचारले असते, तर त्यालाही उत्तर द्यावे लागले असते. आणि स्वतः हाफकिनच्या धर्माच्या दृष्टीने तर येथे एक विलक्षण योग जुळून आला होता. यहुदी शास्त्रात मांस व दूध एकत्र करण्यास मनाई आहे, आणि मूळ ग्रंथातील या निषेधाचे उदाहरणच मुळी करडाचे आहे. बोकडाच्या रश्शावर तूप तरंगविले, तर नेमका तोच संयोग घडतो. खोबरेल वापरले तर हा प्रश्न उद्भवत नाही. हाफकिन पुढे धर्मनिष्ठ झाला व १९१६ मध्ये त्याने परंपरानिष्ठ यहुदी आचाराच्या समर्थनार्थ लेखही लिहिला. तेव्हा हा निषेध त्याला ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. यहुदी शास्त्रकारांच्या मते टोचणे म्हणजे भक्षण नव्हे, आणि जीवरक्षणापुढे बहुतेक सर्व निषेध मागे सरतात. म्हणून नवगावच्या बेने इस्राएलाला ही लस घेण्यास शास्त्राची आडकाठी नव्हती. पण एकाचा निषेध टाळण्यासाठी केलेली निवड दुसऱ्याच्या निषेधाशी कशी येऊन भिडते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. सर्व समाजांना निर्विवाद चालेल असा प्राणिज घटक शोधून सापडणे कठीण, हाच त्याचा निष्कर्ष होय.

या लसीचा उपयोग मात्र निःसंशय होता. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंधेरा गावी एकाच कुटुंबातील काहींना टोचून व काहींना न टोचता तुलना करण्यात आली. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग होऊन २६ दगावले. टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांना तो झाला व ३ दगावले. लोकांचा विश्वास संपादन करण्यात मान्यवर व्यक्तींचा वाटाही मोठा होता. तिसऱ्या आगाखानांनी स्वतः सर्वांसमक्ष लस टोचून घेतली व त्यांच्या अनुयायी खोजा समाजातील हजारो लोकांनी त्यांचे अनुकरण केले. १९२५ अखेर मुंबईच्या प्रयोगशाळेतून या लसीच्या दोन कोटी साठ लाखांहून अधिक मात्रा बाहेर गेल्या होत्या.

तथापि विश्वास हा केवळ घटकांवर अवलंबून नसतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिनच्या माथी मारला गेला आणि त्याचे निर्दोषत्व मान्य होण्यास १९०७ साल उजाडावे लागले. बोकड की गाय हा प्रश्न तेथे नव्हता; प्रश्न स्वच्छतेचा व सत्यशोधनाचा होता. आहारविषयक शंकेचे समाधान झाले म्हणजे सर्व शंकांचे समाधान झाले, असे या इतिहासावरून म्हणता येत नाही.

४. आजच्या लसींतील प्राणिज घटक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लसीच्या उत्पादनाची रीत पार बदलली. प्राणिज द्रव्ये आज प्रामुख्याने पाच ठिकाणी येतात. पहिले, ज्या पेशींवर विषाणू वाढवावयाचा त्या पेशी. उदाहरणार्थ, १९६२ मध्ये जपानमध्ये माकडाच्या मूत्रपिंडापासून सिद्ध केलेली व्हेरो पेशीमालिका, किंवा इन्फ्लुएन्झाच्या लसीसाठी वापरली जाणारी कोंबडीची गर्भयुक्त अंडी. दुसरे, या पेशींच्या पोषणासाठी लागणारे वासराचे रक्तजल, म्हणजे सिरम. तिसरे, काचेला चिकटलेल्या पेशी सुट्या करणारे ट्रिप्सिन, जे पुष्कळदा डुकराच्या स्वादुपिंडातून मिळविले जाते. चौथे, वाळविलेली लस उष्णतेने बिघडू नये म्हणून घातलेले जिलेटिन. हे प्राण्यांच्या कातडी व हाडांपासून होते आणि अंतिम लसीत शिल्लक राहते. पाचवे, लसीचा परिणाम वाढविणारे पूरक द्रव्य. अशा द्रव्यांपैकी स्क्वालिन हे तेल दीर्घकाळ मुशीवर्गातील, विशेषतः खोल समुद्रातील माशांच्या यकृतापासून काढले जात आले आहे.

हे शेवटचे उदाहरण थळच्या किनाऱ्यावर विशेष अर्थपूर्ण ठरते. मुशी ही कोळ्यांच्या घरी रुचीने खाल्ली जाते, कोकणी मुसलमानालाही ती चालते. परंतु खवल्यांची अट पूर्ण होत नसल्यामुळे यहुदी शास्त्रानुसार ती अभक्ष्य आहे. म्हणजे डुकराचे जिलेटिन असलेली लस कोकणी मुसलमानासमोर जो प्रश्न उभा करते, तोच प्रश्न मुशीच्या तेलाची लस बेने इस्राएलासमोर करील. आणि निष्ठावान जैनाला दोन्ही सारख्याच आक्षेपार्ह वाटतील.

या पाच घटकांत एक मूलभूत भेद आहे. पेशी, रक्तजल व ट्रिप्सिन ही उत्पादनाची साधने होत. शुद्धीकरणात ती धुऊन काढली जातात. जिलेटिन व स्क्वालिन मात्र लसीचे घटक म्हणून तिच्यात राहतात. लोकचर्चेत हा भेद नेहमी पुसला जातो. डिसेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या लसींत डुकराचे जिलेटिन असल्याच्या शंकेवरून मुंबईतील काही सुन्नी विद्वानांनी व संस्थांनी अशी लस न घेण्याची भूमिका घेतली. प्रत्यक्षात पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या कोव्हिशील्डच्या जाहीर घटकसूचीत जिलेटिन नव्हते. हिस्टिडिन, साखर, क्षार, पॉलिसॉर्बेट, अल्प मद्यार्क व पाणी असे तिचे स्वरूप होते. पुढे जून २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन या लसीत वासराचे रक्तजल असल्याचा बोभाटा झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्पष्ट केले की, रक्तजलाचा उपयोग केवळ व्हेरो पेशींच्या वाढीसाठी होतो. नंतर पेशी धुतल्या जातात व अंतिम लसीत ते नसते.

५. आक्षेपांचे तीन प्रकार

मंत्रालयाचे हे उत्तर सत्य होते. पण ते पुरेसे होते काय, याचे उत्तर आक्षेपाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. आतापर्यंतच्या विवेचनात तीन निरनिराळे आक्षेप आढळतात. पहिला अभक्ष्याचा : निषिद्ध वस्तू देहात जाऊ नये. दुसरा विटाळाचा : निषिद्ध वस्तूचा संसर्ग झालेली वस्तूही घेऊ नये. तिसरा हिंसेचा : ज्या वस्तूसाठी जीव मारला अथवा पीडला गेला, तिचा लाभ घेऊ नये.

पहिल्या आक्षेपाला अंतिम लसीचे रासायनिक पृथक्करण हे उत्तर होऊ शकते. वस्तू शिल्लक नसेल तर निषेधही उरत नाही. दुसऱ्या आक्षेपाला ते अर्धेच उत्तर आहे, कारण संसर्ग धुण्याने जातो की नाही, हा प्रत्येक परंपरेच्या शुद्धिशास्त्राचा प्रश्न आहे. तिसऱ्या आक्षेपाला मात्र ते मुळीच लागू पडत नाही. रक्तजल धुऊन निघाले तरी ज्या वासरापासून ते आले, त्याच्या बाबतीत काही फरक पडत नाही. गांधींचा आक्षेप या तिसऱ्या वर्गातील होता, आणि जैन आक्षेपही प्राधान्याने याच वर्गातील आहे. विज्ञानाची बाजू मांडणारे पुष्कळदा तिन्ही आक्षेपांना पहिल्याचेच उत्तर देतात व उत्तर पटले नाही म्हणजे समोरच्याला दुराग्रही ठरवितात. येथे दुराग्रहापेक्षा प्रश्नोत्तरांची चुकामूक अधिक असते.

६. अपवादाचे शास्त्र

सर्व परंपरांनी निषेधाबरोबर अपवादाचाही विचार केला आहे. आयुर्वेदात मांसरस हे औषध म्हणून सांगितले आहे; औषध व आहार यांचा निकष भिन्न मानण्याची प्रवृत्ती जुनी आहे. यहुदी शास्त्रातील जीवरक्षणाचे तत्त्व वर आलेच आहे. इस्लामी शास्त्रात निषिद्ध अन्नाच्या नियमाबरोबरच अगतिकतेचा अपवाद सांगितला आहे. शिवाय एखाद्या पदार्थाचे मूळ स्वरूप पालटून तो निराळाच पदार्थ झाला, तर मूळचा निषेध त्याला लागत नाही, असे ‘इस्तिहाला’चे तत्त्वही आहे. १९९५ मध्ये कुवेत येथील इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेच्या परिषदेत याच तत्त्वाने जिलेटिनला मोकळीक देण्यात आली.

परंतु अपवाद हा बेमुदत परवाना नसतो. छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायणाची कथा या संदर्भात मननीय आहे. दुष्काळात उपासमार झालेल्या उषस्तीने एका माहुताजवळून त्याचे उष्टे कुळीथ मागून खाल्ले. मात्र त्याने पाणी देऊ केले तेव्हा उष्टे म्हणून ते नाकारले. उष्टे धान्य चालते आणि पाणी का चालत नाही, असे माहुताने विचारता त्याचे उत्तर असे होते की, धान्य खाल्ले नसते तर प्राण गेले असते. पाणी मात्र हवे तेथे मिळते. म्हणजे अपवाद गरजेपुरताच. पर्याय उपलब्ध होताच तो संपतो.

हीच मांडणी २०१८ मध्ये जावाच्या समुद्रापलीकडे पुन्हा दिसून आली. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची गोवर-रुबेला लस इंडोनेशियात दिली जात होती. तेथील उलेमा परिषदेने ऑगस्ट २०१८ मध्ये असा निर्णय दिला की, उत्पादनात वराहजन्य द्रव्य वापरले जात असल्याने ही लस हराम आहे. परंतु निकड असल्यामुळे आणि हलाल पर्याय उपलब्ध नसल्यामुळे तोपर्यंत तिचा उपयोग अनुज्ञेय आहे. शास्त्रदृष्ट्या हा निर्णय उषस्तीच्या उत्तरापासून फारसा दूर नाही. व्यवहारात मात्र लोकांच्या कानी निर्णयाचा पूर्वार्ध पोहोचला आणि उत्तरार्ध विरून गेला. आचे प्रांतात तर लसीकरणाचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली राहिले. त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, महाराष्ट्रातही गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. धर्मशास्त्राने दिलेली सवलत लोकांपर्यंत सवलतीच्या रूपातच पोहोचेल याची काळजी आरोग्ययंत्रणेला व धर्मज्ञांना मिळून घ्यावी लागते. आणि अपवादाला ‘पर्याय नाही’ ही अट असल्यामुळे, पर्याय शोधण्याची नैतिक जबाबदारी लस बनविणाऱ्यावर येऊन पडते. वनस्पतिजन्य स्क्वालिन, जंतूंकडून करवून घेतलेले ट्रिप्सिन, रक्तजलाविना पेशी वाढविण्याची द्रव्ये, जिलेटिनाऐवजी साखर व अमिनो आम्ले यांवर आधारलेली स्थिरके, हे मार्ग आज विज्ञानाला खुले आहेत. जेथे ते शक्य आहेत तेथे जुन्याच द्रव्याला चिकटून राहणे आणि श्रद्धावंताने मात्र नेहमीच अपवादाचा आश्रय घ्यावा असे म्हणणे, हे न्याय्य होणार नाही.

७. समारोप

भारतात वेष्टनातील खाद्यपदार्थावर शाकाहार-मांसाहाराची खूण असते. लसीच्या कुपीवर तशी खूण नसते, आणि केवळ एका खुणेने हा प्रश्न सुटणारही नाही. कारण वर पाहिल्याप्रमाणे प्रश्न एक नसून तीन आहेत. अधिक उपयुक्त ठरेल ते साध्या मराठीत दिलेले निवेदन : या लसीत कोणते प्राणिज द्रव्य घटक म्हणून आहे, कोणते केवळ उत्पादनात वापरले गेले, आणि त्याला पर्याय आहे की नाही. माहिती लपविल्याने शंका मिटत नाही. ती अफवेच्या हाती जाते.

१८९७ मधील बोकडाच्या मांसाची निवड परिपूर्ण नव्हती. तिच्यातून शाकाहाऱ्यांचा प्रश्न सुटला नाही, आणि निर्मात्याच्या स्वतःच्या धर्मातील एक निषेधही तिच्या आसपासच राहिला. तिचे महत्त्व निराळ्या गोष्टीत आहे. ज्यांच्या शरीरात हे द्रव्य जावयाचे त्यांचे नियम हे प्रयोगशाळेच्या कृतीत विचारात घेण्याजोगे आहेत, हे तिने मान्य केले. आणि तरीही जंतूंच्या वाढीच्या व परिणामाच्या कसोटीत काही उणे राहू दिले नाही. थळ-नवगावच्या किनाऱ्यावर एकाच होडीतील मासळी उतरते तेव्हा प्रत्येक घर आपापल्या नियमाप्रमाणे ती निवडून घेते, आणि जे एकाने बाजूस ठेवले ते दुसऱ्याच्या चुलीवर जाते. लसीच्या बाबतीत अशी निवड करण्याची सोय नाही. साथीच्या वेळी एकच कुपी सर्वांसाठी उघडावी लागते. म्हणूनच त्या कुपीत काय आहे, हे ठरविताना व सांगताना सर्वांचा विचार करण्याची जबाबदारी अधिक मोठी ठरते.